अहेरीचे ऊन आणि विमानाची चढण

घरगुती संगणकावरील कृत्रिम उड्डाणातून हवामानाचा एक धडा

गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी हे प्राणहितेच्या काठावरील गाव. भोवती आलापल्लीचे सागवानी जंगल, पलीकडे तेलंगणाची सीमा, आणि पूर्वेस एटापल्ली व भामरागडकडे जाणारा डोंगराळ मुलूख. दिनांक २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, त्याला आता चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात रस्ते झाले, पूल झाले. तरीही पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी जखमी जवान, अडलेली बाळंतीण किंवा गंभीर रुग्ण यांच्यासाठी आकाशमार्ग हाच एक मार्ग उरतो.

सन २०२४ मध्ये या जिल्ह्याने दोन निवडणुका पाहिल्या. लोकसभेचे मतदान १९ एप्रिल रोजी झाले, तर विधानसभेचे २० नोव्हेंबर रोजी. दोन्ही वेळी दुर्गम मतदान केंद्रांसाठीची पथके हेलिकॉप्टरने नेण्यात आली. जंगल तेच, केंद्रे बहुतांशी तीच, मतदान यंत्रांचे वजनही तेच. निराळी होती ती हवा. एप्रिलमधील दुपारची तापलेली हवा आणि नोव्हेंबरमधील सकाळची गार हवा यांत डोळ्यांना काही फरक दिसत नाही. परंतु उडणाऱ्या यंत्राला तो तत्काळ जाणवतो. वैमानिक जेव्हा “दोन माणसे कमी करा” किंवा “पहाटे निघू” असे सांगतो, तेव्हा त्यामागे त्याचा हट्ट नसून हवेचे गणित असते. हे गणित प्रशासनातील अधिकाऱ्यांनी, शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी समजून घेणे उपयुक्त आहे. सुदैवाने ते समजून घेण्याचे एक साधन आज साध्या संगणकावर उपलब्ध आहे. ते म्हणजे घरगुती फ्लाइट सिम्युलेटर, अर्थात कृत्रिम उड्डाणाची आज्ञावली.

हवा पातळ होते म्हणजे काय?

हवा ही वस्तू आहे आणि तिला वजन आहे. सागरसपाटीवर, १५ अंश सेल्सियस तापमानात व १०१३.२५ हेक्टोपास्कल दाबाखाली एक घनमीटर कोरड्या हवेचे वजन सुमारे १ किलो २२५ ग्रॅम भरते. जगभरातील विमानविद्येने या स्थितीला ‘प्रमाण वातावरण’ मानले आहे. उंचीबरोबर दाब घटतो, तापमानही दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी उतरते, आणि हवा विरळ होत जाते.

हवा विरळ होण्यासाठी उंचावर गेलेच पाहिजे असे मात्र नाही. उष्णतेने हवा प्रसरण पावते आणि तेवढ्याच जागेत तिचे कण कमी मावतात. चंद्रपूर व ब्रह्मपुरी ही मे महिन्यात देशातील अत्यंत तप्त ठाण्यांत गणली जातात, आणि अहेरीचा उन्हाळाही त्याच जातीचा आहे. पारा ४५ अंशांवर गेला आणि सागरसपाटीस आणलेला वायुदाब १००० हेक्टोपास्कलपर्यंत उतरला, तर अहेरीतील एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १ किलो ८० ग्रॅम भरते. डिसेंबरच्या पहाटे पारा १२ अंशांवर व दाब १०१६ असता तेच वजन जवळजवळ १ किलो २२५ ग्रॅम असते. म्हणजे हवेचा सुमारे आठवा हिस्सा उन्हाळ्याने काढून घेतला.

‘घनता-उंची’चे साधे गणित

हवेचा विरळपणा सांगण्यासाठी वैमानिक ‘घनता-उंची’ ही संज्ञा वापरतात. आजची येथील हवा प्रमाण वातावरणातील किती उंचीवरील हवेसारखी आहे, हे ती सांगते. ती काढण्याची ढोबळ रीत सातवीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. प्रथम ठिकाणाची उंची फुटांत घ्यावी. दाब प्रमाणापेक्षा जितके हेक्टोपास्कल कमी असेल, त्या प्रत्येकासाठी सुमारे २८ फूट मिळवावेत. दाब जास्त असल्यास तितकेच वजा करावेत. मग त्या उंचीवरील प्रमाण तापमान काढावे. ते १५ अंशांपासून दर हजार फुटांना २ अंशांनी कमी होते. प्रत्यक्ष तापमान त्याहून जितके अंश अधिक असेल, त्याला १२० ने गुणून येणारा आकडा पहिल्या उंचीत मिळवावा.

हिशेबासाठी अहेरीची उंची ४०० फूट धरू. मेच्या दुपारी दाब १००० असेल तर १३ हेक्टोपास्कलच्या तुटीचे सुमारे ३६० फूट मिळून ७६० फूट होतात. तेथील प्रमाण तापमान सुमारे साडेतेरा अंश. प्रत्यक्ष तापमान ४५. फरक साडेएकतीस अंश, त्याला १२० ने गुणिले असता ३,७८० येतात. बेरीज ४,५४० फूट. ही रीत उष्ण हवेत आकडा थोडा चढा दाखवते. बारकाईने मोजल्यास उत्तर सव्वाचार हजार फुटांच्या आसपास येते. डिसेंबरच्या पहाटेचे उत्तर मात्र जवळजवळ शून्य येते.

याचा अर्थ असा की, पहाटेच्या थंडीत अहेरीहून निघालेल्या विमानाला आपण कोकण किनाऱ्यावर आहोत असे वाटते. मेच्या दुपारी निघालेल्या त्याच विमानाला आपण महाबळेश्वरच्या पठाराजवळ आहोत असे वाटते. गाव जागचे हललेले नसते. महाबळेश्वरची विरळ हवा मात्र तेथील गारव्याशिवाय अहेरीत येऊन बसलेली असते.

विमानाची चढण का मंदावते?

विरळ हवेचा विमानावर तिहेरी परिणाम होतो. पहिला इंजिनावर. इंधन जाळण्यास प्राणवायू लागतो. हवा विरळ झाली की प्रत्येक श्वासागणिक इंजिनाला तो कमी मिळतो आणि शक्ती घटते. दुसरा पंख्यावर, म्हणजे प्रोपेलरवर. मागे ढकलण्यास हवाच कमी असल्याने त्याची ओढ कमी होते. तिसरा पंखांवर. तेवढाच उचल-जोर मिळविण्यासाठी विमानाला प्रत्यक्षात अधिक वेगाने धावावे लागते. वेगमापकाचा काटा नेहमीच्याच आकड्यावर असतो, परंतु जमीन अधिक वेगाने मागे पडते. वरील उदाहरणात हा फरक शेकडा सहा-सात इतका आहे.

जगभर प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या सेसना १७२ या चार आसनी विमानाचे उदाहरण घेता येईल. त्याच्या प्रचलित नमुन्याचा, पूर्ण वजनासह, सागरसपाटीवरील आरोहणाचा वेग मिनिटाला सुमारे ७३० फूट आहे. अहेरीच्या मे महिन्यातील दुपारी तो सहाशेच्या आसपास उतरतो. जमिनीवरील धावही सुमारे एक-तृतीयांशाने लांबते. या दोहोंपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे चढणीचा उतार. एकीकडे वर जाण्याचा वेग कमी झाला आणि दुसरीकडे पुढे जाण्याचा वाढला. त्यामुळे थंडीच्या पहाटे एक किलोमीटर पुढे जाताना जे विमान सुमारे ९८ मीटर वर चढते, तेच उन्हाळी दुपारी सुमारे ७४ मीटर चढते. धावपट्टीच्या टोकाशी आलापल्लीच्या ‘वनवैभवा’तील सागासारखी उंच झाडे उभी असतील, तर हे चोवीस मीटर म्हणजे निव्वळ आकडा राहत नाही.

जगातील व देशातील अनुभवही हेच सांगतो. जून २०१७ मध्ये अमेरिकेतील फिनिक्स शहरी पारा ४८ अंशांच्या घरात गेला, तेव्हा एका विमान कंपनीला आपल्या लहान जेट विमानांची चाळीसच्या वर उड्डाणे रद्द करावी लागली. त्या विमानांना तितक्या तापमानात उडण्याची परवानगीच नव्हती. दहा हजार फुटांहून उंच असलेल्या लेह येथील विमानसेवा मुख्यत्वे सकाळच्या वेळी चालते, त्याचे एक कारण दुपारी तापणारी हवा व उठणारे वारे हेच आहे. महाराष्ट्रातही २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथून निघालेले तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर काही क्षणांतच उंची न राखता आल्याने खाली आले. सुदैवाने सर्वजण बचावले. मे महिन्यातील हवा गृहीत धरून चालत नाही, हे त्या दिवशी साऱ्या राज्याने पाहिले.

घरातील आकाश

वैमानिकांना जमिनीवर शिकविण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक याने १९२९ मध्ये हवेच्या भात्यांवर हलणारे शिक्षणयंत्र तयार केले. दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिक त्यावर शिकले. संगणक घरोघरी येऊ लागल्यावर हे आकाश मेजावर उतरले. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे ‘फ्लाइट सिम्युलेटर’ आले, पुढे ‘एक्स-प्लेन’ आले. ‘फ्लाइटगिअर’ ही आज्ञावली तर जगभरच्या स्वयंसेवकांनी तयार केली असून ती विनामूल्य मिळते. शाळांच्या दृष्टीने हिचे महत्त्व विशेष आहे.

या आज्ञावल्यांत हवामान दोन प्रकारे येते. एक, वापरणारा स्वतः तापमान, दाब, वारा व ढग ठरवितो. दोन, संगणक महाजालावरून त्या क्षणीचे प्रत्यक्ष हवामान घेतो. विमानतळांवरील वेधशाळांचे नियमित अहवाल हा त्याचा जुना आधार. अहेरीपासून नागपूरचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. त्यामुळे नागपूरचे आकडे प्राणहितेच्या काठी जसेच्या तसे लागू होतीलच असे नाही. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरमध्ये स्वित्झर्लंडमधील मेटिओब्लू या संस्थेच्या हवामान-प्रतिमानाचा आधार घेतला गेला. असे प्रतिमान साऱ्या पृथ्वीवर जाळे टाकते, म्हणून वेधशाळा नसलेल्या भागासाठीही त्यात अंदाज असतो. तरीही तो अंदाजच होय. अंगणातील तापमापकाची जागा तो घेऊ शकत नाही.

करून पाहण्याजोगे प्रयोग

शाळेत संगणक असल्यास पुढील प्रयोग एका तासात होऊ शकतो. सिम्युलेटरमध्ये नागपूर विमानतळ व सेसना १७२ निवडावे. नागपूरची उंची हजार फुटांच्या किंचित वर असल्याने आकडे अहेरीच्या हिशेबापेक्षा थोडे निराळे येतील, परंतु फरकाचे स्वरूप तेच राहील. महाजालावरील हवामान बंद करावे, वारा शून्य ठेवावा, विमानाचे वजन व इंधन ठरवून लिहून ठेवावे.

पहिल्या उड्डाणासाठी तापमान १२ अंश व दाब १०१६ ठेवावा. उंचीमापक धावपट्टीच्या उंचीशी जुळवून घ्यावा. हे विसरल्यास सुरुवातीचा आकडाच चुकतो. पूर्ण शक्तीने उड्डाण करून वेगमापकाचा काटा ७४ नॉटवर स्थिर धरावा आणि दर मिनिटाला उंची लिहावी. तीन मिनिटे पुरेशी आहेत. दुसऱ्या उड्डाणात फक्त तापमान ४५ अंश करावे. तिसऱ्यात तापमान ४५ अंशच ठेवून दाब १००० करावा व उंचीमापक पुन्हा जुळवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा विज्ञानाचा मूलमंत्र विद्यार्थ्यांच्या मनावर ठसण्यास यापेक्षा चांगले निमित्त मिळणार नाही. तिन्ही उड्डाणांचे आलेख एकाच कागदावर काढले की उष्णतेचा वाटा किती आणि दाबाचा किती, हे न सांगता कळते. उष्णतेचा वाटा कितीतरी मोठा असतो.

चौथे उड्डाण वाऱ्याचे. तिसऱ्या उड्डाणाचीच हवा ठेवून समोरून १५ नॉटचा स्थिर वारा सोडावा. येथे विद्यार्थ्यांना एक गंमत दिसेल. मिनिटाला मिळणारी उंची वाढत नाही, परंतु झाड मात्र अधिक सहज पार होते. कारण विमान जमिनीवरून हळू पुढे सरकते आणि चढण उभी होते. वर घेतलेल्या अहेरीच्या उदाहरणात ७४ मीटरांची चढण अशा वाऱ्याने सुमारे ९२ मीटर होते. उन्हाने जे काढून घेतले, त्यातील बरेचसे समोरचा वारा परत देतो. वारा पाठीमागून असेल तर तो उन्हाला सामील होतो.

सिम्युलेटरची मर्यादा

या साधनावर भाबडा विश्वास ठेवणे मात्र योग्य नाही. पहिली चूक नवशिक्याकडून अशी होते की, तो पडद्यावर काळे ढग व पाऊस आणतो आणि विमान तसेच चढते हे पाहून हवामानाचा परिणाम होत नाही असा निष्कर्ष काढतो. ढगांचे चित्र बदलले तरी तापमान व दाब बदलले नसतील, तर हवेची घनता बदलत नाही. चित्र म्हणजे हवामान नव्हे.

दुसरी मर्यादा बाष्पाची. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. म्हणून दमट हवा विरळ असते. सामान्य समज याच्या नेमका उलट आहे. जुलैतील अहेरीत ३२ अंश तापमान व भरपूर आर्द्रता असेल, तर विमानाच्या दृष्टीने ती सुमारे ३६ अंशांची कोरडी हवा ठरते. सर्व सिम्युलेटर हा हिशेब सारख्या काळजीने करीत नाहीत. तिसरी मर्यादा इंजिनातील इंधन-हवा मिश्रणाची. विरळ हवेत वैमानिकाला इंधनाचे प्रमाण हाताने कमी करावे लागते. अनेक सिम्युलेटरांत ते आपोआप होण्याची सोय असते, आणि त्यामुळे एक महत्त्वाचा धडा हातून निसटतो.

चौथी मर्यादा वळवाच्या वादळाची. विदर्भात एप्रिल-मेच्या सायंकाळी उठणाऱ्या या वादळांच्या पोटात खाली कोसळणारे हवेचे लोट असतात. मिनिटाला सहाशे फूट चढणारे विमान तितक्याच वेगाने खाली येणाऱ्या हवेत सापडले, तर त्याची नाकाड वर आणि उंची जागच्या जागी अशी अवस्था होते. काही आज्ञावल्या असे लोट दाखवितात, काही केवळ विजा चमकावतात. शिवाय मेजासमोर बसलेल्याला धक्का बसत नाही, घाम येत नाही आणि चूक झाल्यास पुन्हा सुरुवात करता येते. हे साधन समज देते. परवाना देत नाही.

हेलिकॉप्टर आणि ‘दोन माणसे कमी’

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अहेरी परिसरात प्रत्यक्ष येते ते बहुधा हेलिकॉप्टर. त्याला धावपट्टी लागत नाही, म्हणून त्याला हवेचे बंधनही नसावे असा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. विमान निदान धावून वेग मिळवू शकते. जंगलातील मोकळ्या जागेतून सरळ वर उठणाऱ्या हेलिकॉप्टरला साऱ्या वजनाचा भार फिरत्या पात्यांवरच तोलावा लागतो. विरळ हवेत पात्यांचा कोन वाढवावा लागतो, त्यासाठी अधिक शक्ती लागते, आणि नेमक्या त्याच वेळी इंजिनाची शक्ती घटलेली असते.

ही तूट कोणाच्या वाट्याला येते? समजा, एका हेलिकॉप्टरचे भरलेले वजन ४,००० किलो असून त्यात यंत्राचे २,६०० आणि इंधनाचे ५०० किलो आहेत. माणसे व सामान यांसाठी ९०० किलो उरतात. उष्णतेमुळे एकूण वजन केवळ २०० किलोंनी, म्हणजे विसाव्या हिश्श्याने कमी करावे लागले, तरी यंत्र तेच राहते आणि परतीचे इंधनही तोडता येत नाही. सारी कपात त्या ९०० किलोंतूनच होते, आणि जवळजवळ पाव भार खाली उतरतो. पाण्याने भरलेला हंडा हलका करावयाचा झाल्यास हंडा कमी करता येत नाही, पाणीच ओतावे लागते. एकूण वजनातील अल्प घट म्हणजे प्रत्यक्षात दोन-तीन माणसांची जागा, ती याच कारणाने.

म्हणून दुर्गम भागातील हवाई वाहतुकीचे नियोजन करताना काही गोष्टी ध्यानी ठेवणे हिताचे ठरेल. उन्हाळ्यात जड फेऱ्या सकाळी लवकर ठेवाव्यात. पथकातील माणसांचे व सामानाचे वजन अंदाजाने न सांगता तोलून सांगावे. ऐनवेळी वाढलेली एक पेटीही हिशेब बिघडवते. उतरण्याच्या जागेभोवतीच्या झाडांची व तारांची माहिती आधीच द्यावी. तेथील तापमान आणि वाऱ्याची दिशा कळविण्यास एक साधा तापमापक व काठीला बांधलेला फडका पुरे. या गोष्टी ग्रामपंचायतीलाही सहज करता येण्याजोग्या आहेत.

संगणक नसलेल्या शाळेनेही निराश होण्याचे कारण नाही. रोजचे कमाल व किमान तापमान फळ्यावर लिहून त्यावरून घनता-उंची काढण्याचे उदाहरण गणिताच्या तासाला देता येईल. वर्षभर असे टिपण ठेवल्यास मुलांच्या हाती आपल्याच गावच्या हवेचा आलेख येईल. त्यात मे महिन्यात गाव डोंगरावर चढलेले दिसेल आणि डिसेंबरच्या पहाटे पुन्हा सागरकिनारी उतरलेले. पुढे कधी शाळेच्या पटांगणावर रुग्णासाठी हेलिकॉप्टर उतरले आणि वैमानिकाने ऊन उतरेपर्यंत थांबण्यास किंवा एक सोबती मागे ठेवण्यास सांगितले, तर तो निर्णय रुग्णाच्या जिवासाठीच आहे, हे गर्दीत उभ्या असलेल्या नातलगांना गावातीलच एखादी विद्यार्थिनी समजावून सांगू शकेल.